कोच हुह्तांना सौनाचं बोलावणं

टॅमरॅक गावात कोणाची नोकरी गेली किंवा कोणाचं लग्न मोडलं, की माणसं एवढंच म्हणत, "त्याची सौना तापली." बाहेरच्याला वाटे, चैन आहे बुवा, गरम खोलीत बसून निवांत घाम काढायचा. गावातल्या माणसाला मात्र कळे, कोणाचं तरी काहीतरी संपलं. ही बोलण्याची तऱ्हा गावाला रेइनो हुह्ताने दिली, आणि तीही स्वतःला पत्ता नसताना.

रेइनो तांब्याच्या खाणीत राबणाऱ्या फिनिश बापाचा मुलगा. गोठलेल्या तळ्यावर, भावाचे दोन मापांनी मोठे स्केट्स घालून खेळायला शिकलेला. खाणी बंद पडल्या तेव्हा अर्धं गाव डेट्रॉइटला मोटारी जोडायला निघून गेलं. रेइनो राहिला, कारण शाळेत गणित शिकवायची नोकरी होती आणि बायको, लेम्पी, होती. लेम्पी मोठ्या सरोवराचा काठ सोडून कुठे जाणाऱ्यांतली नव्हती. अशात एका जानेवारीत कॉलेजच्या आइस हॉकी संघाचा कोच कोणाशी तरी भांडून, भर हंगामात, सामान उचलून चालता झाला. कॉलेजला माणूस हवा होता आणि तोही दुसऱ्या दिवशी सकाळी. कोणीतरी म्हणालं, तो हुह्ता हंगामापुरता धकवून नेईल. तो हंगाम पुढे तीस वर्षं चालला.

पहिली काही वर्षं पाहुण्या संघांना टॅमरॅकला यायला फार आवडे. प्रवास लांबचा, पण काम सोपं. रेइनोकडे ना पैसा होता, ना नाव. चांगली पोरं मोठ्या कॉलेजांकडे जात. मग हा आपला बर्फातून गाडी हाकत कुठल्या कुठल्या खेड्यात जायचा, पोराच्या आईच्या स्वयंपाकघरात बसायचा, वाढेल ते खायचा आणि खेळाबद्दल अवाक्षर बोलायचा नाही. बघायचा एवढंच, की जेवण झाल्यावर पोरगा आपली बशी आपण उचलतो की आईसाठी ठेवतो. बशी उचलणारा पोरगा, पक, म्हणजे खेळायची चकती, हातून गेला की मागे धावत येतो, असा त्याचा सिद्धान्त. त्यात किती तथ्य होतं देव जाणे. पण बशा उचलणाऱ्या पोरांचा तो संघ हळूहळू जिंकायला लागला.

प्रत्येक शरद ऋतूत मात्र एक काम यायचं आणि रेइनोची झोप उडायची. येणाऱ्या सगळ्यांना संघात घेता येत नाही. काहींना घरी पाठवावं लागतं. पहिल्या वर्षी त्याने एका पोराला बर्फाच्या रिंकच्या बोळात गाठून उभ्या उभ्या सांगून टाकलं. पोरगा सगळ्यांदेखत रडला. ते ऐकल्यावर लेम्पीने रेइनोला चांगलंच फैलावर घेतलं.

"माणसाला असं दारात उभं करून सांगतात? भिकाऱ्यालासुद्धा आपण आत बोलावतो."

"मग कुठे सांगू?"

"सौनात सांग. तिथे तू पण उघडा, तो पण उघडा. आणि नंतर माझ्याकडे जेवायला आण."

तेव्हापासून तसंच ठरलं. घरामागच्या सौनात, तापलेल्या दगडांवर लाकडी ओगराळ्याने पाणी ओतायचं. पहिल्या दोन ओगराळ्यांना कोणी बोलायचं नाही. तिसरं ओतलं की रेइनो सांगायचा, सरळ, आडपडदा न ठेवता. मग लेम्पीचा भट्टीतला जाड, गोड पॅनकेक आणि कॉफी. पोरं जाताना रडत, पण पोटभर खाऊन रडत. गावाने त्यातलं जेवण गाळलं आणि सौना तेवढी लक्षात ठेवली.

डेनिस ट्रेझोना असाच एका वर्षी तिसऱ्या ओगराळ्याला बाद झाला. परदेशातून आलेल्या कॉर्निश खाणकामगारांचा नातू, खांदे बैलासारखे आणि पायही बैलासारखेच. "पायांचं काही होणार नाही बाळ," रेइनो म्हणाला होता, "पण तुला खेळ कळतो. जाऊ नकोस. बाकड्यामागे माझ्या शेजारी उभा राहा." डेनिस उभा राहिला तो राहिलाच. आता तो चाळिशीला आलेला, रेइनोचा उजवा हात.

आणि आता रेइनोचे डोळे जायला लागले होते.

चार तासांवरच्या शहरातल्या डॉक्टरने त्याला समजावून सांगितलं होतं: दृष्टीच्या बरोबर मध्यावर डाग पडतोय, तो वाढणार. कडेचं दिसत राहील, मधलं जाईल. चष्म्याने काही होणार नाही. लेम्पीला त्याने सांगितलं होतं की एका पोराला बघायला गेलो होतो. घरी येताना सगळा रस्ता तो स्वतःला बजावत होता, हा एक हंगाम, मग सांगू. पुढच्या वर्षीही तेच म्हणाला. नोकरीचं त्याला भय नव्हतं, घर फेडलेलं होतं. भय होतं ते सांगितलं जाण्याचं. आयुष्यभर दुसऱ्यांना 'तुझं इथलं संपलं' म्हणणाऱ्या माणसाला, आपल्याला ते कोणीतरी म्हणणार, ही कल्पना सोसत नव्हती.

म्हणून त्याने युक्त्या शोधल्या. मान जरा तिरकी करून, कोंबडी बघते तसं कडेने बघितलं, की माणसं दिसत. विरोधी कोचना वाटे, म्हातारा काहीतरी डाव शिजवतोय. कोण कसा स्केट करतो ते कानाला ओळखू येई. पक, ती तळहाताएवढी काळी चकती, मात्र दिसत नव्हती म्हणजे नव्हतीच. पण त्याचंही निभावत होतं, कारण त्याचं बाकडं भारी बोलकं होतं. बसलेली पोरं सतत ओरडत: "डाव्या कोपऱ्यात! मागे आला! जाळ्यासमोर!" स्थानिक रेडिओवर त्याने अभिमानाने सांगितलं होतं, "जो बसलाय त्यानेही खेळलंच पाहिजे, असं मी शिकवतो." खरं तर असं काही शिकवल्याचं त्याला आठवत नव्हतं. पण तीस वर्षांत माणूस काय काय शिकवतो, सगळं कुठे लक्षात राहतं?

गावातही माणसं वयाबरोबर सुधारत चालली होती. पेस्टी, म्हणजे खिमा-बटाटा भरलेली मोठी करंजी, विकणारी एडना, जी तीस वर्षं "काय हवंय?" असं खेकसायची, ती हल्ली म्हणायची, "कोच, मी एडना बोलतेय. आज टर्निप घातलेली पेस्टी आहे." पोस्टमन आपलं नाव सांगायचा. चर्चमध्ये पाद्रीसुद्धा. रेइनोला हे आवडायचं. लोकांना रीतभात आली, असं तो लेम्पीला म्हणायचा, आणि लेम्पी कॉफी ओतायची.

फेब्रुवारीत ब्रुक्सबी कॉलेजशी घरच्या बर्फावर सामना होता. शेवटचा भाग, दोन्हीकडे दोन-दोन गोल, आणि रिंक इतकी भरलेली की छपरावरचा बर्फ हादरावा. बाकड्यावर त्या दिवशी खोकल्याचाच आवाज जास्त होता. गडी बाहेर यायला लागला, की कोचने पुढच्याला पाठीवर थाप मारून सोडायचं, असा नेम. रेइनोने कडेच्या नजरेने बघितलं, आपला एक गडी बाकड्याच्या दिशेने येतोय. दमला असेल. त्याने कप्तान लाशान्सच्या पाठीवर थाप मारली. "जा!"

लाशान्स उडी मारून उतरला. येणारा गडी मात्र आत आलाच नाही. तो दमून येत नव्हता, पकमागे आला होता. पक बाकड्याला लागून पडला होता आणि रेइनोला तेवढाच दिसला नव्हता. बर्फावर गोलरक्षक धरून सहा असतात, टॅमरॅकचे सात झाले. शिट्टी वाजली, दोन मिनिटं एक गडी कमी, आणि त्या दोन मिनिटांत ब्रुक्सबीने गोल केला. सामना गेला.

हॉकीत गोल खाणं ही गड्यांची चूक, सातवा गडी उतरणं ही कोचची. रिंकमधल्या शेंबड्या पोरालाही ते कळतं. बोळातून जाताना रेइनोने डेनिसचा आवाज ऐकला. तो रेडिओवाल्याला सांगत होता, "चूक माझी. थाप मी मारली." रेइनो तिथेच थांबला. पुढे होऊन 'नाही, मी मारली' म्हणायला चार पावलं लागली असती. ती त्याच्याने टाकवली नाहीत, आणि त्याची त्याला त्या हरण्याहून जास्त लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, जेवणं झाल्यावर डेनिसचा फोन आला.

"कोच, मोकळे आहात का? सौना तापवतोय."

"कोणासाठी?"

डेनिस जरा घुटमळला. "तुमच्यासाठी."

रेइनोने फोन ठेवला. "डेनिसने सौनाला बोलावलंय," तो लेम्पीला म्हणाला. तिने विणकाम खाली ठेवलं, त्याच्याकडे बघितलं आणि उठून कपाटातून टॉवेल काढला.

"हा घेऊन जा. त्याच्याकडचे टॉवेल म्हणजे पोतेरी. चल, सोडते तुला."

डेनिसचं घर सरोवराच्या काठावर, सौना त्याहून काठावर. धुराड्यातून धूर निघत होता. बाद होणारी पोरं आपल्याकडे येताना कशी चालत, ते रेइनोला पहिल्यांदाच आतून कळलं. पाय उचलतच नाहीत.

आत अंधार, बर्चच्या लाकडाचा वास, दोघे वरच्या फळीवर. डेनिसने पहिलं ओगराळं ओतलं. दगड फुसफुसले, वाफ कानांना चटकली. दुसरं ओतलं. रेइनो मनाशी वाक्यं जुळवत होता: थंडीने डोळ्यांत पाणी येतं, दिव्यांची तिरीप लागते. डेनिस तिसऱ्यांदा बादलीकडे वाकला आणि रेइनोला राहवेना.

"थांब. ओतू नकोस. मीच सांगतो. मला पक दिसत नाही, डेनिस."

"हो."

"हो काय? कळतंय का मी काय सांगतोय? पक! ज्याच्यामागे आपण जन्मभर धावतोय, ती चकती! ती मला दिसत नाही!"

"मागच्या हंगामात, नाताळाच्या आधीपासून," डेनिस म्हणाला. "त्याच्याही आधीपासून असेल. आमच्या लक्षात तेव्हा आलं."

"कसं?"

"ब्रुक्सबीने गोल केला आणि तुम्ही टाळ्या वाजवल्यात. मी म्हटलं, कोच मोठ्या मनाचे आहेत. पुढच्या सामन्यात परत वाजवल्यात, तेव्हा म्हटलं, एवढंही मोठं मन नसतं कोणाचं."

एकदम रेइनोच्या डोक्यात प्रकाश पडला.

"आमच्या म्हणालास. आमच्या म्हणजे कोणाच्या?"

"सगळ्यांच्या. लाशान्सने पोरांना बसवून सांगितलं, आपल्याला कळलंय हे कोचना कळू द्यायचं नाही, पण पक कुठे आहे ते कोचना कळलंच पाहिजे. तेव्हापासून जो बाकड्यावर बसेल त्याने ओरडायचं. नवीन पोरांना पहिल्या दिवशी हेच शिकवतात."

"मी रेडिओवर सांगितलं, की ते मी शिकवलं!"

"ऐकलं ना आम्ही, बसमध्ये. लाशान्स हसून हसून सीटवरून खाली पडला."

"मग काल का नाही ओरडले?"

"निम्म्या बाकड्याचे घसे बसलेत. सर्दी फिरतेय."

रेइनो हळूच म्हणाला, "आणि एडना?"

"पेस्टीवाली? तिला तर माझ्याआधी कळलं. तुम्ही तिच्या दुकानातल्या कोट अडकवायच्या खांबाची विचारपूस केलीत म्हणे. बायको कशी आहे, विचारलंत."

डोळे मिटून दूध पिणाऱ्या मांजरासारखं आपलं झालं होतं, आणि अख्खं गाव बशी धरून उभं होतं. रेइनोला आधी संताप आला. "दोन हंगाम मला वेड्यात काढलंत सगळ्यांनी!"

"तुम्ही आम्हाला काढत होतात, आम्ही तुम्हाला. चिडा कोच, पण खालच्या फळीवर येऊन चिडा. इथे वर डोकं फिरतं."

यावर रेइनोला हसू फुटलं. आधी नाकातून, मग पोटातून. खांबाच्या बायकोची आठवण येऊन तो इतका हसला की डेनिसने त्याला दंडाला धरलं. दोन वर्षं उराशी धरलेला दगड होता, आणि तो कोणाला लागला नव्हता, कोणाचं काही मोडलं नव्हतं. जीव भांड्यात पडणं म्हणजे काय ते त्या वाफेत त्याला कळलं.

"मग काढायला नव्हतं बोलावलंस मला?"

"मी? तुम्हाला?" डेनिसला ती कल्पनाच विचित्र वाटली असावी. "मला खोटं बोलायचा कंटाळा आला, एवढंच. रेडिओवर चूक माझ्या नावावर घेतली त्याचं काही नाही. पण कोच, काल तो सातवा गडी मलाही दिसला नाही. का माहितीय? मी तुमच्याकडे बघत होतो. गेलं वर्षभर मी तुमच्याकडेच बघतोय, तुम्ही कुठे चुकाल ते सांभाळायला. आपल्या दोघांतल्या एकाने तरी बर्फाकडे बघायला हवं ना?"

हे मात्र रेइनोला लागलं. पडायचं तर आपण एकटे पडू, असं त्याला वाटत आलं होतं. सोबत हा पोरगाही आंधळा झाला होता, हे त्याच्या ध्यानातच आलं नव्हतं.

"ओत तिसरं," तो म्हणाला.

पाणी ओतलं. वाफ उठली. वाफ जरा बसल्यावर रेइनोने सांगितलं, सरळ, तसंच, जसं तो नेहमी सांगायचा. "उद्यापासून बर्फावरच्या गड्यांच्या तुकड्या तू बदलायच्या. थापा तू मारायच्या. सरावाला मी, मधल्या सुटीत बोलायला मी. आणि मार्चनंतर बाकडं तुझं. कॉलेजला मी सांगतो, आणि रेडिओवाल्यालाही. माझं तिथलं झालं."

ज्या वाक्याला तो दोन वर्षं घाबरत होता, ते त्याच्याच तोंडून निघालं आणि त्याला काही झालं नाही. डेनिस तोंडावरून हात फिरवत होता. तो रडत होता की घाम पुसत होता, ते रेइनोला दिसलं नाही, आणि या खेपेला न दिसल्याचं त्याला बरंच वाटलं.

लेम्पी गाडी सुरू ठेवून बाहेरच बसली होती. तो आत येऊन बसताच तिने विचारलं, "सांगितलंस?"

"तुला पण माहीत होतं?"

"रेइनो, तू तासभर पेपर वाचतोस आणि पान उलटत नाहीस. परवा तर उलटाच धरला होतास. गेलं वर्षभर गाडी मी चालवतेय, ती काय हौस म्हणून?"

"तू म्हणालीस, माझ्या गुडघ्याला थंडी बाधते."

"मग काय म्हणू? त्या शहरात ज्या पोराला बघायला गेला होतास, त्याचं नाव विचारलं तर तू स्वतःच्या आजोबांचं नाव सांगितलंस." तिने गाडी रस्त्याला घातली. थोड्या वेळाने म्हणाली, "राग आला होता मला. पोरांना घरी बोलावून, जेवू घालून तू सांगतोस, आणि मला नाही सांगत? पुष्कळ रडले. मग म्हटलं, याला वेळ लागतोय. तुझ्या संघाच्या बसची वाट बघत जन्म गेला, ही पण बघू." रेइनोने तिचा हात धरायला हात पुढे केला, तो गिअरवर पडला. तिनेच तो उचलून आपल्या हातात घेतला.

सोमवारी त्याने कपडे बदलायच्या खोलीत संघाला सांगितलं. पोरांनी आश्चर्य वाटल्याचं इतकं वाईट नाटक केलं की विचारू नका. लाशान्स तर छातीवर हात ठेवून "अरे देवा! कधीपासून, कोच?" असं ओरडला. "बस खाली," रेइनो म्हणाला. "नाटकाच्या संघात तुझी सौना पहिल्या दिवशी तापली असती."

मार्चमध्ये बाद फेरीसाठी ब्रुक्सबीच पुन्हा टॅमरॅकला आले. दोन सामन्यांतला पहिला शुक्रवारी होता. आणि दुसऱ्यात टॅमरॅक हरलं, हे आधीच सांगून टाकतो, उगाच आशा नको. पण शुक्रवारचा सामना गावात अजून सांगतात.

रेइनो बाकड्यामागे उभा होता, मान सरळ ठेवून. तिरकी करायची गरजच उरली नव्हती. डेनिस पुढे कठड्यापाशी होता, डोळे बर्फावर, थापा मारत, तुकड्या सोडत. शेवटच्या भागात ब्रुक्सबीच्या जाळ्यासमोर झुंबड उडाली. काठ्या काठ्यांवर आपटल्या, कोणीतरी कोणावर तरी पडलं, आणि सगळी रिंक एका आवाजात ओरडली. रेइनोसमोर नुसता करडा डाग होता. दोन वर्षं अशा वेळी तो कडेच्या नजरेने पोरांचे चेहरे चाचपायचा, हसावं की हळहळावं ते ठरवायला. आज त्याने तोंड उघडलं आणि तीस वर्षांत कुठल्याही कोचने विचारला नसेल असा प्रश्न विचारला.

"पक कुठे आहे रे?"

बाकडं क्षणभर चाट पडलं. मग सगळे एकदम ओरडले, "जाळ्यात, कोच!"

"कोणाच्या?"

"त्यांच्या!"

आणि मग रेइनोला आवरेना. कोणी मारला? कुठून मारला? गोलरक्षक कुठे होता? उजवीकडून की डावीकडून? दोन वर्षांचं न विचारलेलं सगळं तो एका दमात विचारत सुटला, आणि पोरं एकमेकांना ढकलत, एकमेकांची वाक्यं तोडत सांगत सुटली, ओरडून बसलेल्या घशांनी, हातवारे करून, जे त्याला दिसत नव्हते.

"कोच," डेनिस पुढूनच, मान न वळवता ओरडला, "खेळ सुरू झालाय!"

"होऊ दे," रेइनो म्हणाला. "तू बघतोयस ना?"